नकारापासून सुरू होणारी ओळ

उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी उतरले, की भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांचा हंगाम सुरू होतो. समजा, इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका नावाड्यानं बोटीच्या बुकिंगसाठी संकेतस्थळ केलं. पक्ष्यांचे फोटो, नकाशा, पैसे भरायची सोय आणि पर्यटकांच्या अभिप्रायांची चौकट. पान साधंच, पण त्या चौकटीतून कुणी परकी स्क्रिप्ट घुसडली, तर ब्राउझर तीही मालकाचीच समजून चालवतो. २००५ साली मायस्पेसवर ‘सॅमी’ नावाचा आपोआप पसरणारा कोड याच वाटेनं शिरला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलवर पोचला. या दुखण्यावरचा एक सुंदर उतारा म्हणजे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी. सर्व्हर पानासोबत हेडरमध्ये एक ओळ धाडतो आणि कुठला माल कुठून आणायचा, हे ब्राउझरला बजावतो. २०११ साली फायरफॉक्स ४ मध्ये ती आली. आज सगळे प्रमुख ब्राउझर ती पाळतात. नीट लिहिलेली अशी ओळ सावकाश वाचण्यात मोठा आनंद आहे.

सुरुवातच बघा: डिफॉल्ट-एसआरसी 'नन'. म्हणजे मुळात कुठूनच काही आणायचं नाही. मग एकेक परवानगी येते: फोटो आणि सजावट 'सेल्फ', म्हणजे आपल्याच सर्व्हरवरून, नकाशाच्या चौकटीत फक्त नकाशावाल्याचा पत्ता. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात असंच येतं. पाणी-अर्ज मंजूर झाला, पाळी आली, की त्याच शेताचं दार उघडतं. 'नन', 'सेल्फ' या शब्दांभोवतीची एकेरी अवतरणचिन्हं मात्र नजरेतून सुटू देऊ नका. ती काढली, तर ब्राउझर ‘सेल्फ’ हे एखाद्या सर्व्हरचं नाव समजतो आणि नावाड्याचे स्वतःचेच फोटो अडवतो. दोन बारीक रेघांवर सगळा अर्थ तोललेला असतो, हे या लिखाणाचं पहिलं लावण्य.

खरी कारागिरी स्क्रिप्ट-एसआरसीत, म्हणजे कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ठरवणाऱ्या कलमात दिसते. कच्चा हात इथे विश्वासू पत्त्यांची यादी देतो. पण मोठ्या, नावाजलेल्या सर्व्हरवरही अशा फटी असतात, की त्यांच्याच तोंडून हल्लेखोराचा कोड वदवून घेता येतो. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी वापरातली धोरणं तपासली, तेव्हा स्क्रिप्टला आवर घालू पाहणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के कुचकामी निघाली. पक्का हात पत्त्यावर भिस्त ठेवत नाही. तो 'नॉन्स' देतो. पान धाडताना दर वेळी नवा, अंदाज बांधता येणार नाही असा संकेत तयार करायचा आणि आपल्या स्क्रिप्टवर तोच डकवायचा. अभिप्रायातून घुसलेल्या स्क्रिप्टला तो ठाऊक नसतो, म्हणून ती जागीच थांबते. शेजारी 'स्ट्रिक्ट-डायनॅमिक' असलं, तर पैसे भरण्याची स्क्रिप्ट जे पुढचे तुकडे बोलावते, त्यांनाही तिच्या भरवशावर आत येता येतं. याच ओळीत कधी 'अनसेफ-इनलाइन' हा चक्क बदनाम शब्द दिसतो. दचकू नका. तो जुन्या ब्राउझरसाठी ठेवलेला असतो. नवा ब्राउझर नॉन्स पाहताच त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. एकाच वाक्यात दोन पिढ्यांची अशी सोय पाहणारा लेखक खरा जाणकार.

शेवटाकडे तीन छोटी कलमं असतात आणि घाईच्या वाचकाकडून नेमकी तीच निसटतात. सुरुवातीचा सरसकट नकार त्यांना लागू होत नाही. ती वेगळी लिहावीच लागतात. बेस-यूआरआय 'नन' नसेल, तर घुसडलेला एकच टॅग पानातल्या अर्धवट पत्त्यांचा पायाच हलवतो. नॉन्स असलेली आपलीच स्क्रिप्टसुद्धा मग परक्या सर्व्हरवरून येऊ लागते. फॉर्म-अ‍ॅक्शन सांगतं, की भरलेला अर्ज कुठे जाऊ शकतो. आणि फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स तर दिशाच उलटवतं: माझ्या पानात कोण, हा प्रश्न सोडून ते विचारतं, की मला आपल्या पानात कोण बसवू शकतं? आपलं बटण दुसऱ्याच्या फसव्या पानात लपवण्याचा डाव तिथेच उधळतो. तीन कलमांत तीन वाटा बंद, आणि एकही शब्द वाया नाही.

या रचनेचा स्वभावही पारखण्याजोगा आहे. एका पानाला दोन धोरणं दिली, तर ब्राउझर दोन्ही पाळतो. नव्यानं जोडलेलं धोरण बंधन वाढवू शकतं, सैल करू शकत नाही. शिवाय ‘रिपोर्ट-ओन्ली’ हा तालमीचा प्रकार आहे: काहीच अडवायचं नाही, पण नियम कुठे मोडला असता याचा अहवाल मालकाला पाठवायचा. या अहवालांतून अनेकदा मालकालाच प्रथम कळतं, की आपल्या पानावर किती जणांचा माल येतो. त्यातला प्रत्येक ओळखायचा, नको तो काढायचा आणि मगच बंधन लागू करायचं. उत्तम धोरण म्हणूनच उसनं आणून चिकटवता येत नाही. आपलं पान ज्यानं खिळ्याखिळ्यानिशी ओळखलं आहे, त्यालाच ते इतकं थोडक्यात लिहिता येतं.