लॉगिनच्या धड्यात काय राहून जाते?

जावामध्ये वेब-प्रोग्राम शिकवणाऱ्या पुस्तकांत लॉगिनचे उदाहरण हमखास असते. नाव व पासवर्ड विचारायचा, डेटाबेसमधील नोंदीशी ताडून पाहायचा, जुळला तर पुढचे पान दाखवायचे. दहाबारा ओळींत काम भागते. आमचा आक्षेप असा, की यात मुख्य प्रश्न येतच नाही.

सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. एचटीटीपीच्या नियमांनुसार प्रत्येक मागणी स्वतंत्र. मघाशी पासवर्ड देणारा आणि आता गुणपत्रक मागणारा एकच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी बिल्ला मिळे, तसा क्रमांक म्हणूनच सर्व्हर ब्राउझरला देतो. जावात त्याचे नाव 'जेसेशनआयडी'. रोखपाल चेहरा पाहत नसे, बिल्ला पाही. बँकेचे बिल्ले ओळीने असत तरी चाले. येथे मात्र क्रमांक अंदाजाने सापडता कामा नये. टॉमकॅट हा सर्व्हर म्हणूनच १२८ बिटांचा यादृच्छिक क्रमांक देतो. लॉगिन होताच तो बदलावाही लागतो, नाहीतर कोणी आधीच हातात सरकवलेला बिल्ला खरा ठरेल. २०१३ च्या सर्व्हलेट ३.१ पासून यासाठी तयार सोय आहे. पुस्तकातील उदाहरणात बिल्ला दिला जातो. पण पुढच्या पानांवर तो तपासतच नाहीत! गुणपत्रकाचा पत्ता थेट टाइप केला की दार उघडे. ही तपासणी सर्व पानांआधी एकाच ठिकाणी, फिल्टरमध्ये, हवी.

हा प्रश्न शाळेपासून दूरचा नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'सरल' प्रणालीत शाळेचा यू-डायस क्रमांक हेच लॉगिनचे नाव होते. हा क्रमांक अकरा अंकी. परभणी जिल्ह्यातील शाळांचा २७१७ ने सुरू होतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेला असतो. म्हणजे नावात गुप्त काही नाही, सारी भिस्त पासवर्डवर. तो जसाच्या तसा साठवायला शिकवणारे उदाहरण आम्ही सदोषच मानतो. १९९९ मध्ये मांडलेली बीक्रिप्ट पद्धत प्रत्येक पासवर्डात वेगळे 'मीठ' घालते आणि मुद्दाम सावकाश चालते, म्हणजे चोराला लाखो अंदाज करून पाहणे महाग पडते.

मुख्याध्यापक, लिपिक आणि माहिती भरणारे गुरुजी एकच पासवर्ड वापरत असतील, तर सर्व्हरला शाळा कळते, माणूस कळत नाही. विद्यार्थ्याची जन्मतारीख कोणी बदलली, याचे उत्तर मग नोंदीत सापडणार नाही.

जिंतूर किंवा पालमच्या नेट-कॅफेत बसून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खिडकी बंद करणे म्हणजे लॉगआऊट नव्हे. टॉमकॅटमध्ये, वेगळी सूचना नसल्यास, शेवटच्या मागणीनंतर ३० मिनिटे बिल्ला चालू राहतो. पुस्तकी उदाहरणातील 'बाहेर पडा' हा दुवा नुसता पहिल्या पानावर नेतो. सर्व्हरवरील सेशन रद्द करणारी एक ओळ, 'इनव्हॅलिडेट', त्यात नसते. पुढे त्याच खुर्चीवर बसणाऱ्याने ब्राउझरमध्ये एक पान मागे जावे, की शाळेची नोंदवही त्याच्यासमोर.