रुक्मिणीस्वयंवरकाव्यांतील प्रेमचित्रण

रुक्मिणी व श्रीकृष्ण यांचा विवाह हा प्राचीन मराठी आख्यानकवींचा अत्यंत आवडता विषय. भागवताच्या दशम स्कंधातील ५२ ते ५४ या अध्यायांत ही कथा येते. विदर्भराज भीष्मकाची कन्या रुक्मिणी कृष्णाचे केवळ गुण ऐकून त्याला मनाने वरते. भाऊ रुक्मी तिचा विवाह शिशुपालाशी ठरवितो, तेव्हा ती ब्राह्मणाहाती संदेश पाठवून कृष्णाला बोलाविते व अंबिकेच्या दर्शनानंतर कृष्ण तिचे हरण करतो. वस्तुतः येथे स्वयंवराची सभा भरतच नाही. शास्त्रदृष्ट्या हा राक्षसविवाह होय आणि त्याची मागणी मुळात रुक्मिणीच करते. तरीही बहुतेक मराठी कवींनी ‘स्वयंवर’ हेच नाव पसंत केले. निवड वधूची आहे, हा कथेचा गाभा त्यांनी अचूक ओळखला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

महदंबेच्या धवळ्यांत (तेरावे शतक) हा विवाह लग्नगीतांच्या घरगुती वातावरणात उतरला. महानुभाव कवी नरेंद्र याच्या रुक्मिणीस्वयंवरात (सु. १२९२) मात्र त्याला विदग्ध काव्याचे रूप आले. उपलब्ध ग्रंथ अपूर्ण असला, तरी रुक्मिणीच्या विरहाचे त्यातील वर्णन जुन्या मराठी कवितेत उठून दिसते. विरहिणीला शीतोपचारांनी अधिकच दाह व्हावा, हा संकेत संस्कृत काव्यातून आलेला. पण नरेंद्राच्या हाती तो कोरडा राहत नाही, कारण त्यामागे न पाहिलेल्या पुरुषावर जीव जडलेल्या मुलीची खरी भीती आहे. तो आला नाही तर? ही कविता आपल्या नावावर व्हावी, अशी इच्छा रामदेवराव यादवाने व्यक्त केली व नरेंद्राने ती नाकारली, अशी कथा महानुभाव परंपरेत सांगतात.

एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर (१५७१) काशीत पूर्ण झाले. त्यात रुक्मिणी जीव व कृष्ण परमात्मा असून विवाह म्हणजे त्यांचे ऐक्य, असे रूपक आहे. या रूपकाने प्रेमभाव झाकोळला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. रुक्मिणीच्या उत्कंठेला वेदान्ताचा अर्थ जडतो तेथे ओवी जड होते, हे नाकारता येत नाही. परंतु लग्नसोहळ्यातील विधी, मानपान व थट्टामस्करी यांत एकनाथ रूपक जवळजवळ विसरतात आणि पैठणकडील एखादे लग्नघर उभे करतात. मनाजोगता पती मिळावा म्हणून कुमारिकांनी या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली. श्रोत्यांनी काव्याचा लौकिक अर्थ सोडला नाही, याचा हा पुरावाच होय.

एक उणीव मात्र जाणवते. भागवतात (अध्याय ६०) विवाहानंतर कृष्ण रुक्मिणीची परीक्षा पाहण्यासाठी, तू दुसरा वर शोध, असे थट्टेने म्हणतो आणि ती मूर्च्छित पडते. सहवासातील प्रेमाचा हा नाजूक प्रसंग लग्नाशी थांबणाऱ्या स्वयंवरकाव्यांच्या कक्षेबाहेर राहिला.