ओ. विन्स्टन लिंक यांची रेल्वे-छायाचित्रे : छंदाचे संकेत आणि रचलेले सत्य

वाहनांची छायाचित्रे टिपण्याचा छंद हा आपल्याकडील कलासमीक्षेने फारसा गांभीर्याने घेतलेला विषय नाही. विमानतळाच्या कुंपणाबाहेर किंवा रेल्वे फाटकापाशी तासन्‌तास कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाकडे आपण कौतुकाने, क्वचित संशयाने पाहतो. समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक (१९१४–२००१) यांनी १९५५ ते १९६० या काळात घेतलेल्या रेल्वे-छायाचित्रांच्या, त्यातही एका छायाचित्राच्या आधारे या छंदाचे संकेत तपासण्याचा प्रयत्न केला आहे. छंदाच्या नियमांनुसार पाहिले तर लिंक यांनी केले ते बनावटच ठरते. तरीही छंदिष्टांच्या असंख्य प्रामाणिक चित्रांतून जे निसटते ते लिंक यांच्या चित्रांत सापडते, असे माझे मत आहे. या मताला एक मोठी मर्यादाही आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

प्रथम संकेतांविषयी. रेल्वेचे छायाचित्र म्हणजे इंजिन समोरून किंचित तिरपे, पूर्ण चौकटीत, सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी आणि क्रमांक स्वच्छ वाचता येईल असा. विमानाचे छायाचित्र म्हणजे बाजूने घेतलेले, शेपटीपर्यंत अखंड, नोंदणी-अक्षरांसह. मध्ये माणूस आला तर चित्र बिघडले असे मानले जाते. या संकेतांमागे एक शिस्त आहे आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. क्रमांक, दिनांक आणि स्थळ एवढे जुळले की चित्र नोंद बनते, आणि कारखाने व कार्यालये यांची कागदपत्रे नष्ट झाल्यावर अशाच नोंदी इतिहासकाराच्या उपयोगी पडतात. (हीच क्रमांकनिष्ठा बाहेरच्यांना हेरगिरी वाटू शकते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे ब्रिटिश व डच विमानछंदिष्टांना अटक झाली, पुढील वर्षी शिक्षाही झाली. ती अपिलात रद्द ठरली.) मात्र या शिस्तीची किंमत अशी की वाहन आपल्या परिसरातून कापून वेगळे काढले जाते. ते कोणाच्या दारावरून जात होते, हे चित्र सांगत नाही.

लिंक हे न्यूयॉर्कमधील व्यावसायिक छायाचित्रकार. शिक्षणाने स्थापत्य अभियंता, पोटासाठी जाहिरातींची कामे. जानेवारी १९५५ मध्ये अशाच एका कामासाठी ते व्हर्जिनियातील स्टाँटन येथे गेले असता जवळच्या वेन्सबरो येथे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने पाहण्यास गेले. अमेरिकेतील बहुतेक रेल्वेकंपन्या तोवर डिझेलकडे वळल्या होत्या. या कंपनीचा मार्ग कोळशाच्या प्रदेशातून जाणारा, इंजिने तिच्याच रोआनोक येथील कारखान्यात बांधलेली. त्यामुळे ती वाफेला धरून राहिली होती. परंतु तेथेही दिवस भरत आले होते. कंपनीने परवानगी व सहकार्य दिले, पैसा लिंक यांचा स्वतःचा. पाच वर्षांत अनेक फेऱ्या करून त्यांनी सुमारे २,४०० छायाचित्रे घेतली. व्यावसायिकाचे कसब आणि छंदिष्टाचे वेड यांचा असा योग विरळाच.

त्यांतील गाजलेली चित्रे रात्रीची आहेत. सूर्य आणि रूळ दोन्ही आपल्या इच्छेने हलवता येत नाहीत. अंधारात मात्र प्रकाश सर्वस्वी आपला, असा त्यांचा विचार. फ्लॅशचा एकेक दिवा त्या काळी एकदाच पेटत असे. लिंक यांनी अनेक दिवे एकाच तारेवर मालिकेने जोडण्याची व्यवस्था केली, जेणेकरून एक जरी बिघडला तरी एकही पेटू नये आणि अर्धवट चित्र घेण्याचा प्रश्नच येऊ नये. तयारीला कित्येक तास लागत. गाडी एकदाच येई. छंदिष्ट गाडीची वाट पाहतो. लिंक गाडीसाठी रंगमंच उभारून ठेवत.

आता ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे चित्र पाहू. २ ऑगस्ट १९५६ची रात्र, वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर गावचे ड्राइव्ह-इन चित्रपटगृह. मोटारींच्या रांगा, अग्रभागी उघड्या मोटारीत एकमेकांना बिलगून बसलेले तरुण जोडपे, मागे वाफेचा पांढरा लोट सोडत धावणारी मालगाडी, आणि पडद्यावर एक जेट विमान. मोटार, आगगाडी, विमान असा वाहतुकीच्या शतकाचा पटच एका चौकटीत आला आहे. जोडपे विमानाकडे पाहते आहे. गाडीकडे कोणाचेच लक्ष नाही. एका युगाचा अंत याहून कमी शब्दांत, खरे तर शब्दांवाचून, कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

पण हे सारे घडले का? मोटार लिंक यांचीच होती आणि जोडपे त्यांनीच तिच्यात बसवले होते. फ्लॅशच्या लखलखाटात पडद्यावरील दृश्य पुसले गेले, म्हणून त्यांनी पडद्याची स्वतंत्र निगेटिव्ह घेऊन छपाईच्या वेळी विमान तेथे बसवले. कागदावर दिसतो तो क्षण एका निगेटिव्हमध्ये कधीच नव्हता. छंदाच्या न्यायासनापुढे हे चित्र टिकणार नाही. मला मात्र येथे दोन प्रश्न वेगळे करावेसे वाटतात. विमान त्या निमिषाला तेथे होते का, याचे उत्तर काहीसे अडचणीचे आहे. त्या गावात गाडी, मोटार आणि पडदा यांचा शेजार होता का, याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. लिंक यांनी शेजार निर्माण केला नाही. तो एका दृष्टिक्षेपात दिसेल अशी सोय केली. लिथिया येथील १९५५च्या चित्रात एका घराची बैठकीची खोली दिसते. बाई खुर्चीत बसली आहे, मुलगा खिडकीशी आहे आणि खिडकीबाहेरून गाडी चालली आहे. इंजिन अर्धेमुर्धेच दिसते. क्रमांकनिष्ठ छंदिष्ट हे चित्र बाजूला टाकील. पण गाडीशेजारी राहणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी मला याच चित्राकडे जावे लागते. ग्रीन कोव्ह स्थानकावरील १९५६चे चित्र तर दिवसाउजेडी घेतलेले. गाडी येते आहे आणि पांढरी घोडी मान खाली घालून उभी आहे. जुने वाहन नव्याला नमस्कार करते, असा अर्थ शीर्षकानेच सुचवला आहे. मला तो थोडा भाबडा वाटतो. घोडीला इतिहासाशी काय कर्तव्य?

मर्यादेकडे येतो. आयेगर हे मॅकडॉवेल परगण्यात, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखात. इंजिन धावते ते कोळशावर आणि कंपनी जगते ती कोळशाच्या वाहतुकीवर. याच दशकात खाणींत यंत्रे आली आणि माणसांचे काम गेले. १९५० साली परगण्याची लोकसंख्या ९८ हजारांहून अधिक होती. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे १९ हजार उरली. लिंक यांच्या या चित्रात इंजिनाचा निरोप आहे, खाणकामगाराचा नाही. पांढऱ्या वाफेच्या त्या देखण्या लोटात काळा कोळसा झाकला जातो. दृश्यातील प्रत्येक घटक स्वतः मांडणाऱ्या कलावंताकडे, त्या जागी योगायोगाने काय आले नाही, ही सबब उरत नाही. जे चित्रात नाही ते त्याने ठेवले नाही, असे म्हणावे लागते. क्षण टिपणाऱ्या साध्या छंदिष्टापेक्षा लिंक यांची जबाबदारी येथे मोठी आहे. रोआनोकच्या जुन्या रेल्वेस्थानकात २००४ पासून लिंक यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तेथील चित्रांचा आस्वाद घेतानाही हा हिशेब सुटू नये.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोहोचली. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी रेल्वेछंदिष्टांना तिच्या इंजिनांसाठी प्रिय. मराठी माणसाला ती वारीची गाडी म्हणून ठाऊक. आता तेथे रुंद रूळ आले आहेत. माझ्या मामांनी सत्तरच्या दशकात कुर्डुवाडीस घेतलेली काही छायाचित्रे घरी आहेत. इंजिने स्वच्छ, क्रमांक वाचता येतात, मागे पेन्सिलीने दिनांक आहेत. फलाट रिकामा होईपर्यंत आपण थांबत असू, असे ते अभिमानाने सांगत. आषाढातल्या एका चित्रात त्यांचा हिशेब थोडा चुकला आहे. चौकटीच्या उजव्या कडेला एक हात आला आहे, मनगटाशी तुटलेला, आणि त्या हातात पताकेची काठी आहे.