प्रयोगाची ओळ

मराठी रंगभूमीवर लिहिण्याचा उत्साह आपल्याकडे कमी नाहीं. परंतु जें लिहिलें जातें तें बहुतांशीं नाटकांविषयीं व नटांविषयीं असतें; प्रयोगांविषयीं नसतें. नाटक पुस्तकांत राहतें, नटाची कीर्ति लोकांच्या तोंडीं राहते. प्रयोग मात्र पडदा पडतांच संपतो, आणि त्याची साक्ष म्हणून हस्तपत्रकें, हिशेबाच्या वह्या व छायाचित्रें तेवढीं उरतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवराव भोसले ह्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, त्यांच्या नांवाचें आमच्या कोल्हापुरांतील नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. त्यानंतर अशा कागदांची चिंता आम्हांस अधिक वाटूं लागली, आणि एका जुन्या हौशी मंडळीचें दप्तर संगणकावर उतरविण्याच्या कामांत आम्ही पडलों.

प्रथम एका विद्यार्थ्यानें सर्व माहितीचें एकच भलें मोठें कोष्टक केलें. एका नाटकास एक ओळ. पुढें लेखक, पहिला प्रयोग, नाट्यगृह व कलावंत असे रकाने. कलावंतांच्या रकान्यांत स्वल्पविराम देऊन चौदा नांवें. कोष्टक मोठें सुबक होतें. आम्हीं एवढेंच विचारलें कीं, अमक्या रात्रीं नायिका कोण होती? कोष्टक मुकें! पण ह्यांत त्या मुलाचा दोष अल्प आहे. आमच्या पिढीच्या टीकाकारांनीं तरी निराळें काय केलें? ‘अमुक नटानें ही भूमिका अजरामर केली’ असें लिहून आम्ही मोकळे झालों. कोणत्या रात्रीं, कोणासमोर, हें विचारण्याची गरज आम्हांस भासली नाहीं.

ह्या अडचणींतून वाट १९७० सालीं ई. एफ. कॉड ह्या संगणकशास्त्रज्ञानें दाखविली होती. त्याच्या पद्धतीस रिलेशनल डेटाबेस म्हणतात. (येथें ‘रिलेशन’ म्हणजे दोन कोष्टकांमधील नातें, असा समज पुष्कळांचा असतो, गणिताच्या भाषेंत तें स्वतः कोष्टकाचेंच नांव आहे.) प्रत्येक गोष्ट एकदांच, तिच्या स्वतःच्या कोष्टकांत नोंदावी, तिला एक ओळखक्रमांक द्यावा, आणि इतरत्र त्या क्रमांकानेंच तिचा उल्लेख करावा, हें तिचें व्यवहारांतील सार. त्याप्रमाणें नाटक, मंडळी, व्यक्ति, स्थळ व प्रयोग अशीं पांच कोष्टकें होतात. आणि कोणत्या प्रयोगांत कोणतें पात्र कोणी केलें, ह्याचें सहावें. आमच्या मतें सारा जीव ह्या सहाव्यांत आहे.

‘मानापमाना’चेंच उदाहरण घ्या. खाडिलकरांचें हें नाटक किर्लोस्कर मंडळीनें १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस प्रथम केलें. तेव्हां धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, भामिनी बालगंधर्व. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईसच गंधर्व व ललितकलादर्श ह्या दोन मंडळ्यांनीं मिळून तें टिळक स्वराज्य फंडासाठीं केलें; तेव्हां भामिनी तीच, पण धैर्यधर केशवराव भोसले. नाटकास एक ओळ देणाऱ्या कोष्टकांत हे दोन्ही प्रयोग एकमेकांत विरघळून जातात. प्रयोगास एक ओळ दिली तरी ‘मंडळी’ ह्या एका रकान्यांत दोन नांवें कशीं बसवावयाचीं? म्हणून प्रयोग व मंडळी ह्यांची जोडी नोंदणारें आणखी एक कोष्टक करावें लागतें. ही कारकुनी नव्हे. दहा वर्षांच्या अंतरानें निराळ्या धैर्यधरापुढें उभी राहतांना भामिनी बदलली कीं काय, हा खरा टीकेचा प्रश्न आहे. आणि तो विचारावयास आधीं हे दोन प्रयोग दोन आहेत, हें मान्य करावें लागतें. संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले; तुलनेस फार रात्री मिळाल्या नाहींत.

तारखांचेंही असेंच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तें पहिल्या चार अंकांचें. ‘सौभद्र’ही १८८२ सालीं आधीं तीन अंकांचेंच झालें. मग पहिला प्रयोग कोणता? अंकांची नोंद प्रयोगाच्या ओळींत केली, म्हणजे हा वाद निदान मुद्द्यावर येतो. नांवांचा घोळ त्या मानानें सोपा: नारायण श्रीपाद राजहंस व बालगंधर्व ही एकच व्यक्ति, पॅलेस थिएटर व केशवराव भोसले नाट्यगृह ही एकच वास्तु. क्रमांक एक ठेवावा, हस्तपत्रकावरील नांव जसेंच्या तसें लिहावें.

ह्या पद्धतीचा एक धोका आम्हांस दिसतो. रिकामा रकाना मनुष्यास सहन होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं आठवणींच्या पुस्तकांवरून कित्येक रकाने भरून टाकले होते. गणपतराव बोडसांचें ‘माझी भूमिका’ किंवा गोविंदराव टेंब्यांचें ‘माझा जीवनविहार’ हीं आम्हांस प्रिय पुस्तकें आहेत. पण आठवण निराळी आणि त्या रात्रीचा कागद निराळा. म्हणून प्रत्येक ओळीस ‘आधार’ हा रकाना आम्हीं सक्तीचा केला, आणि आधार नसेल तेथें जागा कोरी ठेवविली.

नायिकेच्या त्या प्रश्नाचें उत्तर अखेर दप्तरांतच निघालें. पण तें दुहेरी. हस्तपत्रकावर एका बाईंचें नांव छापलेलें, आणि हिशेबाच्या वहींत त्याच तारखेस नाइट दिली ती दुसऱ्याच बाईंना. विद्यार्थी म्हणाला, “सर, ह्यांतलें एक खोडूं का?” आम्हीं दोन्ही ओळी ठेवावयास सांगितल्या, एकीपुढें ‘हस्तपत्रक’, दुसरीपुढें ‘वही’.