नाक मुरडण्याआधी वाचलं होतं का?

लासलगावात बोलायचं आणि कांद्याचं नाव काढायचं नाही, असं ठरवून आलो होतो. ते जमणार नाही. पण कांद्याकडे शेवटी येऊ, आधी वाचनालयात जाऊ.

शाळेत असताना आईची पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे होतं. चिठ्ठीवर नावं ठरलेली: योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे. कुणाचंही चालेल, फक्त वाचलेलं नको. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. केलं. त्या दोन वर्षांत यांतलं एकही नाव वर्गात ऐकलं नाही. मी मात्र तेवढ्यात शहाणा झालो होतो. एकदा मित्र घरी आले, तेव्हा आईची कादंबरी मी उशीखाली सरकवली. आईनं ते पाहिलं. बोलली काहीच नाही. पण त्यानंतर माझे मित्र आले की ती स्वतःच पुस्तक आत नेऊन ठेवायची.

आता आक्षेप काय असतात बघा. योगायोग फार, अश्रू फार, शेवट गोड. पुष्कळदा हे खरंही आहे. पण मग ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत योगायोग कमी होते का? ते 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, आणि भावविवशतेचा आरोप त्यांच्यावरही होताच. त्यांचे मान काढून घ्या असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच, की त्यांच्यावर टीका झाली ती त्यांना वाचून झाली. बायकांच्या वाट्याला ‘बायकी’ हा एकच शब्द आला. तो शब्द लेखनापेक्षा वाचणारीबद्दल जास्त बोलतो.

संमेलन सुरू झालं 1878 साली. पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, 1961 साली. म्हणजे 83 वर्षांनी. त्यानंतर दुर्गाबाई, शांताबाई, विजयाबाई, अरुणाताई, ताराबाई. सगळ्या मोठ्याच. पण आईच्या चिठ्ठीतलं एकही नाव त्यात नाही.

गंमत पुढेच आहे. सुमती क्षेत्रमाडे पेशानं डॉक्टर. त्यांच्या ‘महाश्वेता’वर दूरदर्शनची मालिका आली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द ग्रेस यांचे, आवाज लताबाईंचा. ग्रेस म्हटलं की आपण आदरानं गप्प होतो. आणि ती मालिका ज्या कादंबरीवरून निघाली, ती मात्र ‘दुपारी वाचायची’!

1856 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज एलियटनं, म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स या बाईनं, लेखिकांच्या बाष्कळ कादंबऱ्यांवर एक लेख लिहिला. यथेच्छ टर उडवली. पण कशी? पुस्तकं वाचून, उदाहरणं देऊन. त्याला टीका म्हणतात. पुस्तक न उघडता मुरडलं जातं ते नुसतं नाक.

अलीकडे मी आईची पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली. सगळी आवडली नाहीत. सोसणाऱ्या नायिकेचं कौतुक मला फार खटकतं. पण त्या पानांत प्रश्न कोणते आहेत? नोकरी करावी का? पगार कुणाच्या हातात द्यायचा? संसार मोडला तर जायचं कुठे? हे प्रश्न आईनं घरात कधी मोठ्यानं विचारले नाहीत. ती ते वाचत होती.

आता घाईची गोष्ट सांगतो. वाचनालयात फाटलेली पुस्तकं बाद होतात. आणि आधी फाटतं कोणतं? जे सगळ्यांत जास्त हातांतून गेलं ते. त्यावर कुणी लिहिलेलं नसलं, तर नव्या खरेदीच्या यादीत ते परत यायचं कसं? आपल्या आया-मावश्या काय वाचत होत्या, याची खूण अशी रद्दीत जाते.

तर आता कांदा. तुमच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीतला माल हातात घेऊन बघतो, मगच बोली लावतो. गोल्टीचासुद्धा भाव पुकारला जातो. कमी असेल, पण बघून. आम्हा समीक्षकांना तेवढीही पद्धत पाळता आली नाही. भाव पाडायचा तर खुशाल पाडा, पण आधी माल बघा.

आणि घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा, तुम्ही काय वाचायचात. मला विचारायला उशीर झाला.