'संपूर्ण' वेताळ : पण कोणाचा?

जुन्या कॉमिक्सवर संशोधन करायचं म्हटलं की पहिला मोह होतो तो देखण्या संग्रहित खंडांचा. अमेरिकेतल्या हर्मीस प्रेसने ली फॉकच्या 'फँटम'च्या दैनिक पट्ट्या २०१० पासून खंडांत आणायला सुरुवात केली. मालिकेच्या नावातच 'कंप्लीट', म्हणजे 'संपूर्ण' आहे. १७ फेब्रुवारी १९३६ पासूनची गोष्ट ओळीने वाचायला मिळते, रे मूरची गडद शाईतली चित्रं नीट दिसतात. फॉकची कथनशैली कशी घडली, हा तुमचा प्रश्न असेल तर हे खंड जरूर वापरा.

पण समजा प्रश्न असा आहे: १९७०च्या दशकात मराठी मुलं 'वेताळ' वाचत होती, म्हणजे नेमकं काय वाचत होती? इथे हेच खंड दिशाभूल करतात.

मराठी वाचकाला फँटम भेटला तो टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून (१९६४ ते १९९०). वर्तमानपत्रातली पट्टी रोज तीन-चार चौकटींची. ती पुस्तिकेच्या पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्या, काही गाळल्या गेल्या, वर रंग चढले. 'बंगाला' देशाचा 'डेंकाली' झाला, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. भारतीय वाचकाला खटकू नये, हा हेतू उघड आहे. आणि 'वेताळ' हे नाव तर नुसतं भाषांतर नव्हेच. ज्या शहरात वेताळ टेकडी आहे, तिथल्या मुलाच्या कानावर भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार असलेला वेताळ आधीच पडलेला असतो. 'फँटम' शब्दात हे काहीच येत नाही.

म्हणजे इंद्रजालची प्रत 'बिघडलेली' आणि हर्मीसची 'शुद्ध', असं मांडणं चूक आहे. ती दोन वेगळी साधनं आहेत. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात वानगी ज्या पोत्यातली, भाव त्याच पोत्याचा ठरतो. शेजारच्या पोत्यातले दाणे कितीही टपोरे असोत, त्यांचा उपयोग नाही.

यात धोका खरा आहे. जे पुन्हा छापलं जातं, तेच सहज मिळतं आणि तेच संदर्भात येतं. आबिद सुरतींचा 'बहादूर' इंद्रजालमध्येच जन्मला. अमेरिकन खंडांत तो येणारच नाही. स्वस्त कागदावरचे मराठी अंक मात्र रद्दीत जातायत. उद्याच्या प्रबंधांत मराठी बालवाचनाचा इतिहास इंग्रजी पुनर्मुद्रणांवरून लिहिला गेला, तर नवल वाटायला नको.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा. एकच कथा घ्या, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा आणि चौकटी मोजा. काय गाळलं, काय बदललं, कोणतं नाव दिलं, याचा तक्ता करा. मग कोणती आवृत्ती का निवडली, ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. व्हायवामध्ये पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो.