आत्मस्वातंत्र्य आणि आडवी बाटली

मनुष्य स्वेच्छेने वागतो की परिस्थितीकडून वागविला जातो, हा वाद तत्त्वज्ञानाच्या वर्गात बहुधा अधांतरी चालतो. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत तो दारूच्या निमित्ताने जमिनीवर आला. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली.

बंदीच्या विरोधकांचा मुख्य आधार मिल हा होय. प्रौढ माणसावर केवळ त्याच्या हितासाठी सक्ती करण्याचा अधिकार समाजास नाही, असे ‘ऑन लिबर्टी’त (१८५९) प्रतिपादून त्याने मद्यनिषेधाच्या कायद्यांस विरोध केला. परंतु स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य त्याच ग्रंथात त्याने नाकारले आहे, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडतो. व्यसन या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. पहिला पेला इच्छेचा मानला, तरी शंभरावा कोणाचा?

टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील (१९१५) ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण येथे अधिक उपयोगी पडते. कर्माने बांधलेल्या देहातही आत्म्याची प्रेरणा स्वतंत्र असते, मात्र देहेंद्रियांच्या साधनांवाचून ती पंगू असते, अशी त्यांची उपपत्ती आहे. तिच्यात एक उणीव राहते. तिच्यातील कर्ता एकाकी आहे. त्याच्या वाटेवर दारूचे दुकान आहे की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. लोकसंग्रहाचा एवढा आग्रह धरणाऱ्या ग्रंथात ही उणीव विशेषच जाणवते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तरी निर्णय थांबतो आणि चर्चा पुन्हा सुरू होते. अशा सभेने ठरविलेल्या निर्बंधास बाह्य नियंत्रण म्हणणे कठीण आहे. व्रत घेणारा स्वतःस बांधून घेतो. त्या बंधनास पारतंत्र्य असे कोणी म्हणत नाही.

तथापि एवढ्यावरून गावाचा निर्बंध तो स्वतंत्र आणि शासनाचा तो परतंत्र, अशी सरळ वाटणी करता येत नाही. चंद्रपूरची बंदीही लोकांनीच, विशेषतः स्त्रियांनी, मागितली होती. २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर त्या पायी चालत गेल्या. पुढे बंदी उठविताना अवैध विक्रीचे कारण सांगण्यात आले. त्यावरून अंमलबजावणीचे दौर्बल्य सिद्ध होते. पिणारा स्वतंत्र होता की नाही, याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. मेंढ्याच्या सभेत पिणाराही बसलेला असतो व निर्णय अडविण्याचा अधिकार त्यालाही असतो. ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात मात्र निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद होते. तेथे व्रत घेतात स्त्रिया आणि पाळावे लागते बव्हंशी पुरुषांना. या दुसऱ्या प्रकारास आत्मस्वातंत्र्याची भाषा जशीच्या तशी लावता येणार नाही. तेथे मिलचेच परपीडेचे तत्त्व आधारास घ्यावे लागते. कारण पिणाऱ्याच्या पेल्याचे मोल त्याच्या घरच्या चुलीतून वळते होत असते, आणि ती चूल पेटविणारी स्त्रीच मतदानास आलेली असते.